शेजारीण बोलावते, पुन्हा बोलावते

“ते मॉर्मन लोक तुम्हाला बाटवायला बघतात का गं?” मावशीने सांगलीहून फोनवर विचारलं. मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ, आणि ते बोलावतात, हे खरं आहे. नाताळच्या कार्यक्रमाला, चर्चच्या अंगणातल्या जेवणाला, आणि अधूनमधून सरळ रविवारच्या सभेलाच. पण आमच्या शेजारणीच्या बाबतीत ‘बाटवणं’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आम्ही अमेरिकेतल्या युटा राज्यात, लीहाय गावात राहतो. सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, नवऱ्याचं ऑफिस इथलंच. गल्लीत आमचं आणि आणखी एक-दोन घरं सोडली तर सगळे त्यांच्या चर्चचे. (‘मॉर्मन’ म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या, असं त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी 2018 मध्ये सांगितलं. ते नाव एवढं लांबलचक आहे की मी आपलं जुनंच वापरते. शेजारीण मराठी वाचत नाही म्हणून बरं.) ती पन्नाशीतली, पाच मुलांची आई. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. घरी आलेल्या बाईला चहा विचारायचा नाही हे अंगवळणी पडायला मला बराच काळ लागला. कोकम सरबत मात्र ती दोन-दोन ग्लास पिते.

तुम्ही मित्रमैत्रिणींच्या मागे का लागता, हे एकदा तिला सरळच विचारलं. तिने मला आमच्या गावाच्याच नावाची गोष्ट सांगितली. लीहाय हा ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथातला एक म्हातारा. त्याला स्वप्न पडतं. अंधारातून चालत चालत तो एका झाडापाशी येतो, झाडाला पांढरंशुभ्र फळ. खातो, आणि एवढा आनंद होतो की तो आधी वळून बघतो, बायकामुलं कुठे आहेत? लांब नदीपाशी दिसतात. तो त्यांना हाका मारतो. बायको येते, दोन मुलं येतात, खातात. थोरले दोघे येत नाहीत. “त्याने दुसरं फळ नाही तोडलं गं, आधी हाक मारली,” ती म्हणाली. ते मला चटकन कळलं. प्रसाद एकट्यानेच खाल्ला तर तो नुसता शिरा.

अर्थात नुसत्या आनंदाने एवढी मोठी यंत्रणा चालत नाही, कर्तव्यही आहेच. ज्याला इशारा मिळाला त्याने शेजाऱ्याला इशारा द्यावा, असं त्यांच्या धर्मवचनांत स्पष्ट लिहिलंय. 1830 साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने चर्च स्थापन केलं आणि त्याच उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या प्रती पिशवीत भरून गावोगाव निघालासुद्धा. पुढे 1959 मध्ये डेव्हिड मॅके या अध्यक्षांनी प्रत्येक सभासद हा प्रचारक, असं सांगितलं. हल्ली हे जरा मवाळ भाषेत सांगतात: आधी माया लावा, मग सांगा, मग बोलवा.

तिचा चौथा मुलगा अठराव्या वर्षी मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला गेला. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पाटी. कुठे जायचं हे आपण ठरवायचं नाही, चर्चकडून कळवतात. त्याला फिलिपिन्स आलं. दोन वर्षं, तेही स्वखर्चाने. त्यासाठी घरात लहानपणापासून पैसे बाजूला टाकत होते. आता निदान दर आठवड्याला घरी फोन करता येतो. 2019 पर्यंत फक्त नाताळला आणि मातृदिनाला करता यायचा. परत आला तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून उभा राहून सांगत होता, की दारं वाजवून फारसं कोणी येत नाही. मित्राने हाताला धरून आणलेला माणूस मात्र टिकतो. त्याची आई तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती, पण कान लाल झाले होते तिचे.

मी एकदा गेले तिच्याबरोबर. महिन्याचा पहिला रविवार, त्यांचा उपासाचा. दोन जेवणं सोडायची आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. त्या दिवशी ठरलेलं प्रवचन नसतं, ज्याला वाटेल त्याने माइकपाशी जाऊन साक्ष द्यायची, म्हणजे आपली श्रद्धा सगळ्यांसमोर बोलून दाखवायची. एक सहा-सात वर्षांची पोरगी स्टुलावर चढली, आई मागून कानात सांगतेय आणि ही म्हणतेय, हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे. मला ते खटकलं. त्या वयात काय माहीत असणार! मग एका प्रौढ बाईने बोलायला सुरुवात केली, मध्येच अडखळली, रडली, पुन्हा बोलली. साक्ष ही देता देताच सापडते, असं त्यांच्यात शिकवतात. ती बाई आम्हाला कमी आणि स्वतःला जास्त सांगत होती. तेव्हापासून माझं मत झालंय की या सांगण्यातलं निम्मं सांगणाऱ्यासाठीच असतं.

सगळंच गोड आहे असं नाही. इथल्या हायस्कुलात एका तासाला मुलं उठून शाळेशेजारच्या चर्चच्या इमारतीत धर्मशिक्षणाला जातात; आमची लेक तेवढा वेळ लायब्ररीत बसते. गल्लीतल्या एका घरातून तिला खूप बोलावणी यायची. आम्ही बाप्तिस्म्याला नको म्हटल्यावर ती हळूहळू बंद झाली. मैत्री होती की गळ होता, हा प्रश्न पोरीने विचारला. मला काय सांगावं सुचेना.

शेजारणीने मात्र माझा नकार ऐकून मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात बागेतले टोमॅटो घेऊन आली. अजूनही बोलावते. या लोकांच्या चिकाटीला तोड नाही. त्यांच्या मंदिरात मेलेल्या पूर्वजांच्या नावानेही बाप्तिस्मा घेतात, त्यासाठी वंशावळी खणून काढतात. पलीकडे गेलेल्या जिवाने तो स्वीकारायचा की नाही, हे त्याचं तो ठरवतो म्हणे. मेलेल्यांनाही विचारतात, मग कुंपणापलीकडच्या जिवंत बाईला कसं सोडतील?

गेल्या गणपतीत ती नवऱ्यासकट आली होती. आरतीला हात जोडून उभी राहिली, तीन मोदक खाल्ले. मग भांडी पुसता पुसता म्हणाली, “तुला हे सगळं एवढं प्रिय आहे, मग तू मला कधीच का नाही म्हणत, तूही ये आमच्यात म्हणून?”

मी म्हटलं, “अगं, आरतीला आलीस की. झालं.”

“म्हणजे मी आले काय, नाही आले काय, तुला सारखंच?”

तसं नाही गं, एवढंच म्हणत राहिले मी. तिला ते काही पटलं नाही. जाताना तूप घातलेले उरलेले मोदक डब्यात भरून घेतले आणि म्हणाली, रविवारी दहाला सभा आहे, गाडी काढू का?