मिडियम फॉरमॅट घेताना आधी पाऊस बघा, मग लेन्स

मिडियम फॉरमॅटचा, म्हणजे 35 मिमीपेक्षा मोठी निगेटिव्ह देणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यांचा, विषय निघाला की गाडी थेट झाइस कंपनीच्या लेन्सवर जाऊन थांबते. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात राहणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. कॅमेरा खांद्याला लावून फिरायचं कुठे? आणि बिघडला तर तो उघडणार कोण? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'कुरिअर करा पुण्या-मुंबईला' असंच असतं. त्यामुळे ज्यात इलेक्ट्रॉनिक्स कमी, तो कॅमेरा इथे जास्त टिकतो.

रोल सगळ्यांना तोच, 120 चा. 645 (म्हणजे 6×4.5 सेंमीची फ्रेम) मध्ये त्यावर 15-16 फ्रेम बसतात, 6×6 मध्ये 12, 6×7 मध्ये 10. निगेटिव्हचं क्षेत्रफळ 35 मिमीच्या साधारण 2.7, 3.6 आणि 4.5 पट भरतं. 645 मध्ये रोल पुरतो, पण उभी फ्रेम घेताना कमरेवरून बघायचा फाइंडर निरुपयोगी होतो. डोळ्याला लावून बघायचा प्रिझम घ्यावाच लागतो आणि तिथे खर्च वाढतो. 6×6 मध्ये आडवं-उभं हा प्रश्नच नाही. 220 ची, म्हणजे दुप्पट लांबीच्या रोलची, बॅक (कॅमेऱ्यामागे लागणारी फिल्मची पेटी) स्वस्तात दिसली तरी उचलू नका, तो रोल आता सहज मिळत नाही.

पहिला कॅमेरा म्हणून याशिका मॅट 124 जी सारखा ट्विन लेन्स (एका लेन्समधून बघायचं, दुसरीतून फोटो) वाईट नाही. लेन्स बदलत नाही हीच त्याची सोय: 80 मिमी, एफ 3.5, लीफ शटर (लेन्समध्येच बसवलेलं पात्यांचं शटर), 1/500 पर्यंत, आरसा हलत नाही म्हणून झटका नाही. 1/30 ला हातात धरून नीट फोटो येतो. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचं कमळाचं छत टिपताना हे उपयोगी पडतं, कारण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते. आतलं उजेड मोजायचं मीटर 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं आहे. तो सेल आता मिळत नाही आणि 1.5 व्होल्टचा घातला तर रीडिंग चुकतं. मोबाइलवरचं मीटर किंवा हातातलं मीटर बरं. मागचं झाकण उघडून प्रेशर प्लेट (फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी) 12 वर आहे ना, तेही बघा. 24 वर राहिली असेल तर ती 220 साठी आहे.

मामिया आरबी67 (पहिला 1970 चा, प्रो-एस 1974 चा) म्हणजे अडीच किलोच्या वरचं धूड. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढवताना घाम काढतो. पण बॅटरी शून्य, लेन्समध्येच लीफ शटर, आणि बॅक फिरवली की उभी फ्रेम. कॅमेरा आडवा करावा लागत नाही. बॉडीचा खटका दाबला की शटर आणि आरसा तयार होतात, फिल्म मात्र बॅकच्या वेगळ्या खटक्याने पुढे सरकते. सुरुवातीच्या प्रो मॉडेलमध्ये दुहेरी एक्स्पोजर रोखणारी कडी नाही, म्हणून शक्यतो प्रो-एस घ्या. याचा धाकटा भाऊ आरझेड67 बॅटरी संपली की एकाच 1/400 वर चालतो. ब्रोनिका एसक्यू-ए चंही तसंच, फक्त आकडा 1/500. दोन्हींना 6 व्होल्टचा सेल लागतो, तेव्हा एक जादा खिशात हवाच.

हॅसलब्लाड 500 सी/एम हलका आणि देखणा, पण लेन्स बसवताना लेन्स आणि बॉडी दोन्ही 'चढवलेली' (स्प्रिंग ताणून फोटोला तयार) असावी लागतात. एक चढवलेलं, एक उतरलेलं असं झालं की जाम. पेंटॅक्स 67 ला फोकल प्लेन शटर (लेन्समध्ये नाही, फिल्मच्या पुढ्यातल्या पडद्याचं) आहे, फ्लॅश 1/30 च्या वर जुळत नाही. लग्नाच्या मांडवात तो नको.

जुना माल तपासताना घाई नको. लेन्स काढून एपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस, सगळीकडे धुरकट पडदा म्हणजे हेझ. कडेला एखादा धागा असेल तर भाव पाडायला कारण मिळालं. मधोमध कोटिंग खाल्लं असेल तर राम राम. 1 सेकंदाचं शटर कानाने ऐका: घरघर मध्येच अडखळली किंवा दीड सेकंद रेंगाळली तर आतलं ग्रीस सुकलंय. आरबी असेल तर अंधाऱ्या खोलीत बेलोज (लेन्समागचा घड्यांचा भाता) पूर्ण ताणा, आत टॉर्च ठेवा आणि घड्यांचे कोपरे बघा. सुईच्या टोकाएवढा उजेडही फोटोवर पांढरी रेघ ओढतो. बॅकमधला फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर तो गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून दीड-दोन मिमीची नवी पट्टी चिकटवा. हे काम घरी होतं.

फ्रेममधलं अंतर तपासायला एक वाया गेलेला रोल हाताशी ठेवा. तो घालून प्रत्येक फ्रेमवर, लेन्स काढून पेनने चौकटीच्या कडा आखा. रोल बाहेर काढला की चौकटी एकमेकींवर चढल्यात का ते दिसेल. चढल्या असतील तर बॅकचं गिअर झिजलंय.

आता पाऊस. कणकुंबी-जांबोटीकडे महिनोन्महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात, फंगस तिथे फुकट वाढतो. हवाबंद डबा, आत आर्द्रतेचा छोटा काटा आणि सिलिका जेल. काटा 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करा, मात्र ती कढई नंतर स्वयंपाकाला वापरू नका. आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली चामड्याची केस कितीही छान दिसली तरी डब्यात घालू नका, बुरशी पहिल्यांदा तिलाच धरते.