स्पिनोझाला पर्मनंट नोकरी लागत होती!

मुंबईत नाईट कॉलेजला फिलॉसॉफी शिकवतो मी. पोरं दिवसभर काम करून येतात, कोणी कुरियरवाला, कोणी मॉलमध्ये सेल्सला, त्यामुळे पहिल्या बाकावर पण डुलक्या चालू असतात आणि मला त्याचं काही वाटत नाही.

परवा स्पिनोझा होता, सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ. सिलॅबसप्रमाणे द्रव्याच्या (म्हणजे 'सबस्टन्स', सगळ्याच्या मुळाशी असलेलं तत्त्व) व्याख्येपासून सुरू करायचं, पण मी विल ड्युरांटच्या वाटेनं जातो, आधी माणूस मग विचार. हा ड्युरांट न्यूयॉर्कच्या लेबर टेंपलमध्ये कामगारांना लेक्चरं द्यायचा, म्हणजे त्याचेही श्रोते असेच दमलेले. त्याचं प्लेटोवरचं लेक्चर हाल्डमन-ज्युलियस नावाच्या प्रकाशकानं ऐकलं आणि मागे लागून लिहून घेतलं, पाच-पाच सेंटच्या निळ्या पुस्तिका निघाल्या, त्यातूनच 1926 साली 'द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी' झालं आणि तुफान खपलं. पंडितांनी नाकं मुरडली. भारत-चीनचे तत्त्वज्ञ त्यात नाहीत ही तक्रार मात्र मला रास्त वाटते.

असो. तर मी सांगत होतो, अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं 1656 साली स्पिनोझाला वाळीत टाकलं, पुढे लेन्स घासून पोट भरायचा, 44व्या वर्षी फुप्फुसाच्या आजारानं गेला, काचेच्या धुळीनं आजार वाढला असावा म्हणतात. तर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी हजेरीपुरतंच तोंड उघडणारा, एकदम म्हणाला, "सर, पाणी सोडत नव्हते का?" तो चष्म्याच्या दुकानात लेन्स बसवतो. आमच्या मशीनला पाणी चालू असतं, धूळ उडतच नाही, आणि आता काच कुठे, सगळं फायबर... मग बराच वेळ तोच शिकवत होता.

पुढे 1673 आलं. हायडेलबर्ग युनिव्हर्सिटीनं प्रोफेसरकी देऊ केली आणि यानं नाही म्हटलं, विचार करायची मोकळीक राहणार नाही म्हणून. झालं! "पर्मनंट होती का सर?" "पगार किती?" एक ताई, दोन पोरांची आई, म्हणाल्या, "लग्न केलं नव्हतं ना, म्हणून जमलं." लेन्सवाला भडकलाच, "स्वतःचं काम असलं की कोणाचं ऐकावं लागत नाही, तुम्हाला नाही कळणार."

या गोंधळात ताईंनीच विचारलं, "पण सर, वाळीत टाकण्याइतकं हा देवाबद्दल म्हणत काय होता?"

मग द्रव्याची व्याख्या काढली, कारण त्याच्या लेखी देव म्हणजेच ते एकमेव द्रव्य. नऊला दहा कमी होते, पण एकही जण पेंगत नव्हता.