ऑगस्टात सूर्य खंय दिसता?

तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेचे प्रश्न गेली अकरा वर्षं मीच काढतो. शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, पण डिसेंबर लागला की संध्याकाळी घरी पुठ्ठ्याचं खोकं उघडून बसतो. खोक्यात साडेसातशेच्या वर कार्डं आहेत, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. जुनी कार्डं वापरून कडेला मऊ झाली आहेत. दरवर्षी त्यांत साठ-सत्तर नवीन घालायची, मळलेली पुन्हा लिहायची, शिळी झालेली काढून टाकायची. या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही. वाडीवस्तीवरच्या एखाद्या पोराच्या तोंडून 'कॅस्पियन समुद्र' हे उत्तर येतं, तेव्हा ते पोर किती लांब जाऊन आलं याचा मला मनापासून आनंद होतो.

यंदा स्पर्धा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होती. सभागृह आमच्याच शाळेचं. सकाळच्या फेऱ्या भराभर झाल्या. महाराष्ट्राचं राज्यफूल? ताम्हण. कळसूबाईची उंची? १६४६ मीटर. 'दर्पण' कोणत्या साली निघालं? १८३२. गोदावरीची लांबी? १४६५ किलोमीटर. पोरं उत्तरं अशी देत होती, जशी पाढे म्हणतात.

अंतिम फेरीत चार संघ होते, पण चुरस दोघांतच राहिली. एक शहरातली मोठी शाळा, तीन वर्षं फिरती ढाल त्यांच्याकडेच आहे. दुसरी खाडीकाठची, जेमतेम नव्वद पटाची. दोघांचे गुण पंच्याऐंशी. तीन प्रश्न उरले होते. खाडीकाठच्या शाळेची पाळी आली आणि मी कार्ड उचललं. हे कार्ड जुनंच, दर दोन-तीन वर्षांनी येणारं.

"हेलियम या मूलद्रव्याचा शोध महाराष्ट्रातल्या कोणत्या किल्ल्यावरून लागला?"

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न म्हणजे हातात दिलेले दहा गुण. विजयदुर्ग आमचा. लॉकियर या इंग्रज साहेबाने इथूनच सूर्यग्रहण पाहून हेलियम शोधला असं सांगतात, आणि किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' शाळेच्या सहलीत प्रत्येकाने पाहिलेले. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही होतो. त्यामुळे मधल्या खुर्चीवर बसलेली, माइक हातात धरलेली आठवीतली मुलगी गप्प राहिली तेव्हा मला वाटलं, बावरली असेल.

"सांग गो," मी म्हटलं. "वेळ आहे."

"सर, याला उत्तर नाही."

"तुला येत नाही, की प्रश्नालाच नाही?"

"प्रश्नालाच नाही."

सभागृहात हशा पिकला. तिच्या कानशिलांपर्यंत लाली चढलेली मला परीक्षकाच्या टेबलावरून दिसली. पण तिने माइक खाली ठेवला नाही.

"ते ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चं, असं पुस्तकात आहे," ती म्हणाली. इथवर ती शाळेतल्या मराठीत बोलत होती. पुढचं वाक्य घरच्या बोलीत आलं. "सर, ऑगस्टात आमच्याकडे सूर्य खंय दिसता?"

तेवढ्यात वेळेची घंटा झाली. नियमाप्रमाणे प्रश्न पुढच्या संघाकडे गेला. शहरातल्या शाळेच्या मुलाने 'विजयदुर्ग' म्हटलं, मी 'बरोबर' म्हटलं, गुणफलकावर ९५ चढले. उरलेल्या दोन प्रश्नांत फरक पडला नाही. बक्षीस समारंभ जेवणानंतर तीन वाजता होता.

जेवायला भात, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी होती. मी पानावर बसलो, पण घास उतरेना. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, आभाळ धुतल्यासारखं निळं. याच सभागृहाच्या कोपऱ्यात ऑगस्टात आम्ही बादली ठेवतो, कौलातून धार लागते म्हणून. मी इथेच जन्मलो. मिरग लागला की सूर्याची चार-चार दिवस भेट नाही, कपडे चुलीवरच्या उतवीवर वाळवायचे, हे मला कोणी सांगायला नको. आणि वीस वर्षं मी दहावीच्या वर्गात वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे सुटे होऊन पसरलेले रंग, शिकवतो आहे. या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. त्या मुलीने ठेवल्या. सूर्य बघायला हजारो मैलांवरून येणारा माणूस भर पावसात कोकणात कशाला येईल?

हात धुऊन कोल्हापूरला माझ्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सरांना फोन लावला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. प्रश्न ऐकताच म्हणाले, "लॉकियर १८६८ ला हिंदुस्थानात नव्हताच रे. विजयदुर्गाला आला तो नंतर. १८९८ चं ग्रहण बघ." एवढंच बोलले. मी स्टाफरूमच्या खिडकीशी उभा राहून मोबाइलवर शोधत गेलो आणि पंचवीस मिनिटांत सगळी गाठ सुटली.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची सावली पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरली आणि तिरकी पूर्वेला गेली. ती पकडायला जे आले ते बहुतेक सगळे घाटापलीकडे थांबले. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, नामांकित खगोलज्ञांच्या हर्शेल घराण्यातला. घाटाच्या पावसाच्या आडोशाला असूनही जमखंडीत त्याला ढगांनी छळलंच. फ्रान्सचा पिएर जान्सेन गुंटूरला गेला, मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणला. गुंटूरला जान्सेनने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातल्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याच्या मनाने घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी उघड्या सूर्यावर त्याने तसं करून दाखवलं.

नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता. युद्धखात्यात कारकुनी आणि घरी स्वतःची दुर्बीण. ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याची युक्ती त्यालाही स्वतंत्रपणे सुचली होती. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याला ती साधली. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा असलेलं पदक काढलं. वर्णपटात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा ठरलेली असते. त्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या वेळी ती काहींनी पाहिली होती, पण मिठातल्या सोडियमचीच समजून सोडून दिली. ती सोडियमच्या जागेवर बसत नाही हे लॉकियरने नेमकं हेरलं. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनतज्ज्ञासोबत त्याने प्रयोगशाळेत तशी रेषा मिळवायचा प्रयत्न केला, ती मिळेना. मग सूर्याच्या ग्रीक नावावरून, हेलिओसवरून, 'हेलियम' नाव आलं. पृथ्वीवर तो वायू सापडायला १८९५ साल उजाडलं, लंडनमध्ये विल्यम रॅमझीच्या हातून, क्लेव्हाइट नावाच्या खनिजात.

आणि विजयदुर्ग? २२ जानेवारी १८९८. त्या दिवशीचं खग्रास ग्रहण पाहायला हाच लॉकियर, आता सर नॉर्मन लॉकियर, स्वतः विजयदुर्गाला आला. 'मेलपोमिनी' या आरमारी जहाजावरच्या खलाशांना त्याने यंत्रांवर काम करायला शिकवलं होतं. त्याच्या निरीक्षणांचा छापील अहवाल आहे, शीर्षकातच विजयदुर्गाचं नाव आहे, इंग्रजी वळणाने 'विझियाद्रुग' असं लिहिलेलं. साहेबाच्या ओट्यांची संगती लागते ती या मोहिमेशी. जानेवारी, कोरडी हवा, खाली वाघोटणची खाडी, वर निरभ्र आकाश आणि जेमतेम दोन मिनिटांचा अंधार. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांनी 'साहेब इथे सूर्य बघूक इलो होतो' हे सांगितलं ते खरंच होतं. साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं. फक्त नंतर कोणीतरी हेलियमवाला लॉकियर आणि विजयदुर्गवाला लॉकियर एक म्हणून दोन्ही ग्रहणंही एक केली. मधली तीस वर्षं गळली. आणि ती चूक माझ्या कार्डाच्या मागे माझ्याच अक्षरात होती.

अहवालाच्या शोधात आणखी एक नाव मिळालं, ते मला आधी ठाऊक असायला हवं होतं. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं घेऊन ग्रहणाचे वेध घेत होते. आपल्याकडच्या वेधशाळेतला आपला माणूस. साडेसातशे कार्डांत त्यांचं एकही नाही.

पावणेतीनला मी दोन्ही शाळांच्या शिक्षकांना बोलावलं आणि प्रश्न रद्द करतो म्हणून सांगितलं. शहरातल्या शाळेचे सर चिडले आणि त्यांचं चिडणं मला गैर वाटलं नाही. "सर, माझ्या पोराने सगळ्या पुस्तकांत छापलंय तेच सांगितलं. उत्तरसूचीत तेच आहे. त्याला मी काय तोंड दाखवू?" मी त्यांना २०१२ ची गोष्ट सांगितली. लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात भारताच्या राष्ट्रीय खेळाची विचारणा केली, आणि आम्ही कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, असं केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने कळवलं. तोवर हॉकी लिहून किती पोरांनी गुण मिळवले असतील! त्यांत त्या पोरांचा काही दोष नव्हता. दोष विचारणाऱ्याचा, आणि आजच्या बाबतीत विचारणारा मी. सर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग हे स्टेजवर तुम्ही सांगा. मी नाही सांगणार." ते रास्तच होतं.

मी सांगितलं. सगळं, क्रमाने, तारखांसकट. सांगताना लक्षात येत गेलं की 'शोध कुठे लागला' हा माझा प्रश्नच अपुरा होता. गुंटूरची सकाळ, लंडनजवळचं घर, पॅरिसची अकादमी, रॅमझीची प्रयोगशाळा, यांतलं कोणतं ठिकाण कार्डाच्या मागे लिहायचं? एका ओळीच्या उत्तरात मावेल एवढंच मी पोरांना विचारत आलो. मागच्या बाकांवर चुळबुळ होईल असं वाटलं होतं, झाली नाही. ओटे त्यांनी पाहिले होते ना. पाय लावून आलेल्या दगडाबद्दल कोणी बोलायला लागलं की पोरं ऐकतात.

गुण पुन्हा बरोबरीत आले. निर्णायक प्रश्न विचारला, आनंदीबाई जोशींनी डॉक्टरची पदवी कोणत्या साली मिळवली. बझर आधी वाजला शहरातल्या शाळेचा. "१८८६." ढाल त्यांच्याकडेच गेली. खाडीकाठच्या पोरांचे चेहरे उतरले, माझाही उतरला, पण उत्तर बरोबर होतं आणि ढाल त्यांच्या हक्काची होती.

मुलीला मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? कोणी नाही. सहलीला गाइडने तारीख सांगितली तेव्हाच तिच्या डोक्यात आलं होतं. तिचे बाबा मासेमारीला जातात. ऑगस्टात होडी शाकारून ठेवलेली असते आणि बाबा घरी असतात, म्हणून तो महिना तिला पक्का माहीत. गाइडला तिने विचारलंही होतं. तो 'तेव्हाचा पाऊस वेगळा' म्हणाला होता.

तिची गाडी सुटायला अर्धा तास होता. मी तिला प्रयोगशाळेत नेलं. ढाल जिंकलेला मुलगाही न बोलावता मागोमाग आला. खिडक्या लावून घेतल्या, स्पिरिटचा दिवा पेटवला. निळसर, दिसेल न दिसेल अशी ज्योत. तारेच्या कडीवर मिठाची कणी धरून ज्योतीत नेली आणि ज्योत एकदम पिवळीजर्द झाली. तिघांचे चेहरे त्या एकाच रंगात. जुन्या सीडीचा तुकडा तिच्या हातात दिला, तिरका धरून ज्योतीचं प्रतिबिंब शोधायला सांगितलं. दोन-तीनदा हलवल्यावर तिला ती पिवळी पट्टी सापडली.

"ही सोडियमची?"

"हो."

"आणि हेलियमची?"

"तिच्या शेजारी. जराशी हिरव्याच्या बाजूला."

"किती जराशी?"

मी फळ्यावर लिहिलं. सोडियमच्या दोन रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. हेलियमची ५८७.६. ती आकड्यांकडे बघत राहिली. मग ज्योतीकडे. मुलगा म्हणाला, "सर, एवढ्यावरून?" मी म्हटलं, एवढ्यावरून. एकामागोमाग एक प्रिझम लावून प्रकाश इतका पसरवायचा की या दोन पिवळ्यांच्या मध्ये फट दिसायला हवी. या सीडीच्या तुकड्यात ती दिसणार नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ती पुन्हा वाकून तुकड्यात बघत होती, एक डोळा मिटून.

"सर, मीठ संपला," ती म्हणाली. "आनी एक कणी धरू?"