उंटाची मान आणि एक वेलांटी

काका माझ्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात आले ते सायकल खांद्यावर घेऊन. बोळात पावसाचा चिखल होता आणि पुसून आणलेली चाकं त्यांना त्यात घालायची नव्हती. सायकल स्टँडला लावायच्या आधीच म्हणाले, "हिचा रंग बदलून दे. बघवत नाही."

मी सायकलीकडे बघितलं आणि काकांकडे बघितलं. बाटलीसारखा गर्द हिरवा रंग, वरून लॅकर, आणि सांध्यांवर लग. नळ्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीच्या, ७२५ नावाच्या पोलादाच्या. मुलगा इंग्लंडला असतो. त्यानं वडिलांच्या साठीला तिथल्या एका कारागिराकडून मापावर फ्रेम बनवून घेतली होती. हल्लीच्या बहुतेक पोलादी फ्रेम वेल्डिंगनं जोडतात, तो सांधा नुसता साधा. लगमध्ये नळी खोबणीसारख्या बाहीत बसवून पितळ किंवा चांदीच्या मिश्रधातूनं झाळतात, आणि त्या बाहीच्या कडा कानशीनं घासून टोकदार, पानासारख्या करतात. या माणसानं त्या कडांवर किती दिवस घालवले असतील, ते बोट फिरवलं तरी कळत होतं. असा रंग खरवडायचा म्हणजे पाप.

"काका, रंगाला काय झालंय?"

"सायकलच्या ग्रुपमधली पोरं विचारतात, काका, आज उंट आणला का?"

मग दिसलं. उंट बरोबर होता. पाठ सरळ आणि मान वर.

फ्रेमची मापं काकांनी स्वतः घेतली होती. टेल्कोतून निवृत्त झालेला माणूस, मापात मिलिमीटरची चूक नाही. फक्त ती मापं ज्या पाठीची होती, ती पाठ वर्षभरानं राहिली नाही. कमरेचा मणका धरला, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं. फ्रेम तर शर्यतीच्या सायकलसारखी, हेडट्यूब, म्हणजे हँडलखालची पुढची उभी नळी, आखूड. नशीब, की कारागिरानं फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, वरची नळी लांबच ठेवून पाठवली होती. मग कुणीतरी हँडल वर घ्यायला स्टेमखाली, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली, दहा-दहा मिलिमीटरचे पाच काळे स्पेसर, म्हणजे चकत्या, रचले आणि स्टेम उलटा करून नाक वर केलं. काका सुखानं सायकल मारायला लागले. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांबची फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली त्यांनी, याच सायकलीवर. पण फोटो काढू देईनात.

मी सायकल समोरच्या भिंतीला टेकवली, बोळाच्या पलीकडून फोटो काढला आणि मोबाइलवरच बोटानं रेघा ओढून दाखवल्या. वरचा दांडा जमिनीला अगदी समांतर. डोळा सीटकडून निघतो, दांड्यावरून सरळ घसरत पुढे जातो, हेडट्यूबपाशी येतो आणि तिथं काळ्या चकत्यांच्या उतरंडीवर आपटतो. वर स्टेम आकाशाकडे. "काका, ही गुलाबी रंगवली तरी उंटच राहील. गुलाबी उंट."

ते हसले नाहीत. "मग पाठ बदलून दे."

रंगाबद्दलची माझी भीती उगाच नव्हती. दोनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची लग असलेली फ्रेम मी पावडर कोटिंगला दिली होती. खिडक्यांचे ग्रिल आणि गेट करणारा माणूस. त्याच्या भट्टीचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास; झाळकाम त्याच्या कितीतरी वर वितळतं, त्यामुळे उष्णतेनं काही बिघडत नाही. बिघडलं ते थरानं. पावडरचा थर जाड. लगच्या धारदार कडा पुरणपोळीच्या कडेसारख्या गोल झाल्या. आणि पायडलचा आस फ्रेममध्ये जिथं बसतो, तिथले आटे त्यानं झाकलेच नव्हते. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून रंग काढण्यात माझी अर्धी दुपार गेली. तिथं उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे विसरून घाईत टॅप लावला की फ्रेमच गेली. तेव्हापासून चांगला रंग असेल तर मी हात लावत नाही.

काकांना मी ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, बसवलं. तासभर पायडल मारायला लावलं आणि दर दहा मिनिटांनी हँडल थोडं थोडं खाली घेत गेलो. दोन वर्षं रोज सूर्यनमस्कार घालून पाठ सुधारली होती, पण पूर्वीच्या उंचीवर बसायची त्यांची हिंमत होत नव्हती. सव्वा सेंटीमीटर खाली गेलो तरी तक्रार नाही. दीड सेंटीमीटरला उजवा खांदा आखडला. थांबलो.

आता हिशेब. हेडट्यूबचा कोन ७३ अंश, स्टेम १०० मिलिमीटर लांब आणि सहा अंशांचा. उलटा लावला की जमिनीशी २३ अंश वर चढतो, सुलटा लावला की ११ अंश. दोन्हींत हँडलचा फरक वीस मिलिमीटर. जुन्या सायकलींसारखा अगदी आडवा स्टेम हवा तर उणे सतरा अंशांचा लागतो, कारण नव्वदातून त्र्याहत्तर गेले की सतरा. दिसतो तोच सर्वांत देखणा, पण त्यात हँडल जवळजवळ चार सेंटीमीटर खाली जातं. काकांनी ते डॉक्टरांना काय सांगितलं असतं! स्टेम नुसता सुलटा केला, ब्रेकचे हूड, म्हणजे हात टेकायच्या रबरी मुठी, हँडलवर सात-आठ मिलिमीटर वर सरकवले, आणि हाताच्या उंचीत निव्वळ बारा मिलिमीटरची घट आली. नाक खाली आलं. उतरंड मात्र राहिली. ती काढली तर पाठ जाणार.

यावरचा उपाय मला सुचला तो भोसरीच्या लेथवाल्याकडे दुसऱ्याच कामासाठी बसलो असताना. पाच चकत्यांऐवजी ॲल्युमिनियमचा एकच पन्नास मिलिमीटरचा तुकडा. खाली हेडसेटच्या, म्हणजे हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या, टोपीएवढा, चाळीस. वर स्टेमच्या गळ्याएवढा, पस्तीस. मधे अगदी हलका उतार. आतलं भोक फोर्कच्या २८.६ मिलिमीटरच्या नळीपेक्षा केसभर सैल. लेथवाला म्हणाला, "एवढुश्शासाठी मशीन लावू?" आणि मग चहा पिता पिता वीस मिनिटांत करून दिला. रंगाच्या दुकानात फ्रेमवरून हिरवा मिसळून घेतला, फवारला. दोन्ही टोकांचे सपाट भाग मात्र कोरे ठेवले. तिथं रंग राहिला तर दाबाखाली हळूहळू चेपतो आणि महिन्याभरात हेडसेट खडखडायला लागतो.

तो तुकडा बसवला आणि मी स्वतःच दोन मिनिटं गप्प बसलो. हेडट्यूबच उंच झाल्यासारखी दिसत होती. उंटाची मान गेली होती.

बाकीची कामं किरकोळ. ब्रेकच्या केबल जानव्यासारख्या लोंबत होत्या, त्या कापून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढ्याच ठेवल्या. काळा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, काढून २७.२ मिलिमीटरचा चंदेरी घातला. सीटचं नाक वर होतं ते सपाट केलं. तपकिरी कडेचे अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर, आणि टायरवरचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी. हँडलची टेप चामड्याच्या सीटच्या रंगाची, तिचा शेवट काळ्या चिकटपट्टीनं नाही, दोऱ्यानं गुंडाळून. नळ्यांच्या आत जवसाचं तेल फिरवलं. ते दिसत नाही, पण पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात पोलादाला गंज आतून खातो, बाहेरून नाही.

राहिलं लायनिंग. हिरव्यावर लगच्या कडेनं सोनेरी बारीक रेघ. ते स्टिकरनं होत नाही. त्यासाठी मी भवानी पेठेतल्या चाचांना बोलावलं. चाचांनी पन्नास वर्षं टेम्पो, ट्रक, रिक्षा रंगवल्या. २०१५ मध्ये व्यापारी गाड्यांवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला राज्यात मनाई झाली, २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी छापाच्या नंबरप्लेट आल्या. "आता फक्त लग्नाच्या मडक्यांवर लिहितो," म्हणाले.

इथं मी शहाणपणा केला. चाचा यायच्या आधी, त्यांना सोपं जावं म्हणून, लगच्या कडेला मापात चिकटपट्टी लावून ठेवली. चाचा आले, बघितलं, म्हणाले, "ये क्या पट्टी बांधली? जखम झाली का?" मला ओशाळल्यासारखं झालं, पट्टी काढायला लागलो. डाव्या बाजूला, हेडट्यूबच्या खालच्या लगवर, पट्टीबरोबर लॅकर आणि रंगाचा नखाएवढा पापुद्रा निघून आला. खाली चमचमतं पोलाद. धारेवर रंग नेहमीच पातळ बसतो, हे मी दहा जणांना सांगितलेलं आहे.

माझ्या पोटात गोळा आला. चाचांनी चष्मा वर केला, बोटानं जागा चाचपली. "प्राइमर लाव. आज नाही, उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी पंखा बंद, शटर अर्धं खाली. चाचांचा ब्रश खारीच्या केसांचा, केस दोन इंच लांब आणि जेमतेम दहा-बारा. एका जुन्या पत्रिकेच्या गुळगुळीत कागदावर इनॅमल आणि टर्पेंटाइनचा थेंब घेऊन ते ब्रश लोळवत राहिले, जाडी मनासारखी होईपर्यंत. मग करंगळी नळीवर टेकली आणि हात नाही, अख्खी कोपरापासूनची दांडी सरकली. रेघ ब्रशच्या टोकातून आली नाही; आडव्या पडलेल्या केसांनी ती जणू मागे ठेवली. लगच्या टोकाशी आले की श्वास रोखायचे, वळवायचे, सोडायचे. एक रेघ हलली. टर्पेंटाइनची चिंधी, पुसली, पुन्हा. खालचं लॅकर पक्कं असल्यानं त्याला काही होत नव्हतं. चौदा रेघा, साडेतीन तास, मधे एक चहा.

शेवटी ती जखम. प्राइमरवर हिरवा लावला होता, पण तिरक्या उजेडात डाग कळत होता. चाचांनी रेघ तिथपर्यंत आणली आणि सरळ न नेता लगच्या टोकावरून आतल्या बाजूला एक वेलांटी वळवली. 'पी'ची असते तशी, दीर्घ. डाग तिच्या पोटात गेला. मी काही बोलायच्या आत ते उठले, सायकलीला वळसा घातला आणि उजव्या लगवर, जिथं काही झालंच नव्हतं, तिथं तशीच दुसरी काढली. "जोडी पाहिजे," म्हणाले.

चार दिवसांनी, रेघा पक्क्या वाळल्यावर, काका आले. मी सायकल उजवी बाजू समोर ठेवून, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, मागच्या नळीच्या रेषेत, व्हॉल्व्ह दोन्ही चाकांना खाली, अशी उभी केली होती. काका लांबून बघत राहिले. मग मोबाइल काढला, फोटो मुलाला पाठवला. मग इंजिनिअर जागा झाला. गुडघ्यावर बसून हिरव्या तुकड्यावर नख फिरवलं, सांधा तपासला, मान हलवली. पुढे सरकले, डावीकडे गेले.

"ही वेलांटी कशासाठी?"

उत्तर मी तयार ठेवलं होतं, चाचांची खास नक्षी वगैरे. तोंडातून निघालं, "काका, तिथं माझ्या हातून तुमचा रंग गेला होता."

ते वाकून बराच वेळ बघत राहिले. डाग सापडला नाही त्यांना.

"आणि उजवीकडची?"

"तिकडे काही गेलं नव्हतं. जोडी म्हणून काढली."

काका उठले, गुडघे झटकले, खिशातून चष्म्याचं घर आणि पाकीट दोन्ही काढलं.

"मग उजवीचे पैसे लाव. डावीचे मी देणार नाही."