नामचेची चढण आणि सिंहगडची जीप

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आले. फोटो भाचीने सगळीकडे टाकलेतच, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही. मला लिहायचंय ते सहाशे मीटरबद्दल. दूधकोशी नदीवरचा तो उंच झुलता पूल ओलांडला की वाटेवरच्या नामचे बाजार या गावापर्यंत चढण लागते, ती साधारण तेवढ्या उंचीची. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगडावर पुणे दरवाजापर्यंतही जवळपास तेवढंच चढायचं असतं. म्हणजे नामचे म्हणजे एक सिंहगड. हा हिशोब मी घरात सोफ्यावर बसून केला होता आणि स्वतःवर भलतीच खूश झाले होते.

या सगळ्याची सुरुवात मात्र डोंगरातून नाही, आईच्या पाटावरून झाली. मागच्या वर्षी गौरी जेवल्या, आम्ही जेवलो आणि आई पाटावरून उठेचना. शहात्तर वय, पण गुडघ्यांची तक्रार नव्हती. मांड्यांत जोरच उरला नव्हता. मी आणि भाचीने काखेत हात घालून तिला उभं केलं. ती हसली, आम्हीही हसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तेव्हा पन्नास पूर्ण केली होती आणि जमिनीवरून उठताना माझाही हात आपसूक जमिनीला टेकायला लागला होता, हे फक्त मलाच माहीत होतं.

मग ठरवलं, डोंगर. भाचीच्या ओळखीतल्या एका ट्रेनरने सांगितलं ते मला अजिबात आवडलं नाही: हळू चढा. फिल मॅफेटोन नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाचं एक सूत्र आहे, १८० मधून वय वजा करायचं आणि हृदयाचे ठोके त्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. माझे आले १२९. तेवढ्यात राहिलं तर शरीर मुख्यतः चरबी जाळतं, आणि चरबीचा साठा आपल्याकडे (माझ्याकडे तर नक्कीच) मुबलक असतो. धापा टाकत चढलं की साखर संपते, आणि ती काही तासांचीच शिदोरी असते. महिनोन्महिने असं सावकाश चाललं की स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधले ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. ठोके मोजणारं घड्याळ मनगटावर नसेल तर सोपी खूण म्हणजे, बोलत बोलत चढता आलं पाहिजे.

कागदावर छान वाटतं हो. सिंहगडावर १२९ ठोक्यांत चढणं म्हणजे जाहीर अपमान. दर वीस पावलांवर मनगट पिपाणीसारखं वाजायचं आणि मी थांबायचे. स्पीकरवर गाणी लावून येणारी कॉलेजची पोरं पुढे जायची, त्यांच्यामागून लहान मुलाला कडेवर घेतलेली आई पुढे जायची. एकदा तर डोक्यावर काकड्या-लिंबांची पाटी घेतलेली बाई मला ओलांडून गेली, आणि मी वाटेवरच्या तिच्या ठेल्याशी पोचले तेव्हा तिचं दुकान मांडून झालं होतं. भाची म्हणायची, "मावशी, तू चढतेयस की वरातीत चाललीयेस?" एप्रिलमध्ये मला वर जायला एक तास पस्तीस मिनिटं लागत होती. सप्टेंबरमध्ये तेवढ्याच ठोक्यांवर एक तास आठ. वर पोचल्यावर ताक, पिठलं-भाकरी, आणि मग जीप.

हो, जीप. गडावरून शेअर जीप खाली येते आणि मी प्रत्येक वेळी, पंचवीस-तीस वेळा तरी, तिच्यातच बसून उतरले. कारण? गुडघे वाचवायचे. सगळेच सांगतात, उतरताना गुडघे जातात. गडावर रोज येणारे एक काका आहेत, सत्तरी पार केलेले, कायम पायीच उतरतात. ते एकदा जीपपाशी थांबून म्हणाले, "मॅडम, चढायचं कौतुक कशाला सांगता? उतरता कशाने ते सांगा." खवचट पुणेकर, असं मनात म्हणून मी जीपचं दार ओढून घेतलं.

काठमांडूहून रात्री एक वाजता जीपने रामेछापला नेतात, कारण चालायला जिथून सुरुवात होते त्या लुक्लाची बहुतेक विमानं सीझनमध्ये तिथूनच सुटतात. त्या प्रवासाबद्दल एवढंच म्हणेन की उलटीची पिशवी हाताशी ठेवा आणि ड्रायव्हरच्या मागे बसू नका. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची, एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. डोळे मिटले होते, वर्णन करता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी नामचे. पूल ओलांडला आणि मी गडावरची चाल धरली. तोंड बंद, नाकाने श्वास, छोटी पावलं. आमच्या ग्रुपमधली तरुण मंडळी सुसाट पुढे गेली आणि पहिल्याच वळणांवर कमरेवर हात ठेवून उभी दिसायला लागली. मी कुणालाही मागे टाकायला गेले नाही, फक्त थांबले नाही. बराच वेळ एक भारवाहक माझ्या मागेपुढे होता, माझ्याच वयाचा असेल. पाठीवर डोको म्हणजे विणलेली मोठी टोपली, कपाळावरून तिला पेलणारा नाम्लोचा पट्टा, हातात इंग्रजी टीच्या आकाराची काठी. प्लायवुडचे तक्ते, वर नूडल्सचे खोके, त्यावर कुणाची तरी निळी बादली. तो पन्नासेक पावलं चालायचा, काठी मागे डोकोखाली टेकवायचा आणि उभ्या उभ्याच भार तिच्यावर सोडायचा. मग ओठांतून शिट्टीसारखा लांब श्वास. की पुन्हा चालू. मी त्याला ओलांडायचे, तो मला ओलांडायचा. तिसऱ्यांदा तो नुसताच हसून म्हणाला, "बिस्तारै, दिदी." हळू! मला! अहो, मी सहा महिने दुसरं केलं काय?

नंतर वाचलं की याच वाटेवरच्या भारवाहकांना शास्त्रज्ञांनी चक्क तराजूवर उभं केलं होतं. २००५ साली 'सायन्स' नियतकालिकात तो अभ्यास छापून आला: पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भार वाहत होते, बायका ६६ टक्के. आणि पद्धत हीच, संथ चाल, पुष्कळ विसावे, दिवसभर. पण याचं रोमँटिक कौतुक करायला मला कसंतरीच होतं. तो माणूस हौसेने सहनशक्ती कमवत नव्हता, आणि आमच्या गरम पाण्याच्या बादल्या, नूडल्स, ज्या गाद्यांवर झोपून आम्ही थकवा घालवतो त्या गाद्या, सगळं अशाच कुणाच्या तरी कपाळाला लटकून वर जातं.

नामचेला मी ताजीतवानी पोचले. संध्याकाळी सगळ्यांना माझं वय ऐच्छिक माहिती म्हणून सांगत फिरले.

पुढचे सात दिवस चांगले गेले. भाचीचं डिंगबोचेला डोकं दुखलं, एक जास्तीचा मुक्काम केला. ती सव्वीस वर्षांची, जिमवाली, पण विरळ हवा फिटनेस बघत नाही. गोरक्षेप, बेस कॅम्प, फोटो, थंडी. परत फिरलो.

आणि मग तेच सहाशे मीटर, उलटे.

नामचेतून निघाल्यावर दहा मिनिटांत डावी मांडी थरथरायला लागली. मग उजवी. गुडघे ठणठणीत होते, ज्यांना मी जीपमध्ये बसवून इतकं जपलं होतं ते. चढताना मांडीचा स्नायू आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, आणि स्नायूंच्या तंतूंची खरी मोडतोड त्यात होते. या कामाची सवय उतरूनच होते. एकदा ती झाली की पुढचे काही आठवडे तेवढा त्रास होत नाही. माझ्या मांड्यांनी सहा महिन्यांत एकदाही ब्रेक लावला नव्हता. मी अर्धाच सिंहगड केला होता.

प्रत्येक पायरीवर बसका मारत, भाचीच्या खांद्याला धरत उतरत होते. खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला चिकटून उभं राहायचं असतं, दरीकडे नाही. मला ते तांडे देवासारखे वाटत होते, तेवढीच विश्रांती. गॅसचं सिलिंडर घेतलेली एक मुलगी आम्हाला ओलांडून टणाटण उतरून गेली. पुलापाशी चौताऱ्याच्या, म्हणजे विसाव्याच्या पाराच्या, दगडावर बसले, चहा घेतला. उठायला गेले आणि उठता येईना. भाचीने आणि एका अनोळखी जर्मन माणसाने काखेत हात घातले. भाचीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघीही काही बोललो नाही.

फाकडिंगच्या लॉजवर सकाळी खोली वरच्या मजल्यावर, नाश्ता खाली, मध्ये लाकडी जिना. पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. वायफाय होतं म्हणून आईला फोन लावला, सहज, काही सांगायचं नव्हतं. तरी तिने विचारलंच.

"आवाज असा का? गुडघे गेले ना?"

"गुडघे नाही गं. मांड्या. जिना उतरता येत नाहीये."

"मग तोंड भिंतीकडे कर, कठडा धर आणि उलटी उतर. मी चार वर्षं तशीच उतरते."

"चार वर्षं? आम्हाला कधी दिसलं नाही?"

"तुम्ही घरात असलात की मी वरच थांबते," ती म्हणाली. "कठडा घट्ट धर हं."

मी फोन खिशात टाकला, पाठ फिरवली आणि उजवा पाय मागे सोडून पायरी चाचपडायला लागले.