एकाच आज्ञेची दोन उत्तरे

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडेची रात्र. आमच्या कार्यालयातील, ‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीवर चालणारे सर्व्हर मी पुण्याहून सांभाळतो. जेवण आटोपत होते तेवढ्यात बातमी आली की, फाइली आवळून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’च्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा ठेवला आहे आणि तो थेट एसएसएचपर्यंत, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर दुरून लॉगिन करण्याच्या सोयीपर्यंत, जातो. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याने तो शोधून काढला होता.

मी ताबडतोब आवृत्ती तपासली. कामाच्या सर्व सर्व्हरांवर ५.४.१ होती. चाचणीच्या यंत्रावर मात्र ५.६.१ दिसली आणि माझ्या छातीत धस्स झाले. सहकाऱ्यांना पोस्टग्रेस या डेटाबेसची १६ वी आवृत्ती हवी होती, आमच्या सर्व्हरांवरच्या स्थिर डेबियन १२ मध्ये १५ वी होती, म्हणून एका पॅकेजसाठी मी ते आख्खे यंत्र ‘टेस्टिंग’वर, म्हणजे डेबियनच्या अजून तयार होत असलेल्या पुढच्या आवृत्तीवर, नेले होते.

डेबियन १२ ची गोठवणी २०२३ च्या सुरुवातीलाच झाली होती आणि त्यानंतर तिथे पॅकेजांची आवृत्ती सहसा बदलत नाही, सुरक्षेची दुरुस्ती तेवढी जुन्याच आवृत्तीत बसवली जाते. ‘तुमचे सॉफ्टवेअर जुने आहे’ हा लेखापरीक्षकांचा शेरा मला दरवर्षी खोडावा लागतो, त्याचे कारण हेच. टेस्टिंगमध्ये पॅकेज येते ते, कोणी गंभीर दोष नोंदवला नाही तर, साधारणपणे काही दिवसांतच. आणि इतक्या हुशारीने लपवलेली गोष्ट तेवढ्या दिवसांत कोणाच्या नजरेस पडणार?

डेबियनने दिलेल्या दुरुस्त पॅकेजचा क्रमांक ‘५.६.१+रिअली५.४.५-१’ असा होता. अपडेटमध्ये क्रमांक मागे नेता येत नाही, म्हणून नव्या क्रमांकाखाली जुनेच सॉफ्टवेअर परत आणले होते. तरीही मी ते यंत्र पुसून नव्याने उभे केले आणि त्यावरून वापरलेल्या सगळ्या एसएसएच किल्ल्या बदलल्या.

सोमवारी सहकाऱ्यांनी विचारले, आता नवे काही मिळणारच नाही का? त्यांची गरज खरी होती. त्यामुळे चाचणीचे यंत्र डेबियन १२ वरच ठेवून पोस्टग्रेस १६ तेवढे त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातून घेतले. नव्या लॅपटॉपांसाठी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ‘बॅकपोर्ट्स’मधून, म्हणजे स्थिर डेबियनसाठी नवी पॅकेजेस देणाऱ्या भांडारातून, आणले, पण तिथली पॅकेजेसही टेस्टिंगमधूनच येतात, म्हणून त्याखेरीज तिथून दुसरे काहीही घेतले नाही. ६ एप्रिलला ठरलेली डेबियन १२.६ ही साठलेल्या दुरुस्त्यांची आवृत्ती याच प्रकरणामुळे लांबणीवर पडली आणि २९ जूनला आली. ती मी आधी चाचणीच्या यंत्रावर बसवली.