मुलं किती?

नवरा बायकोला किडनी देतोय असं कळलं की आमच्या लॅबमध्ये अजूनही लोक एकमेकांकडे बघतात. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे देशभरचंच चित्र आहे. त्यामुळे इंदूरच्या रामबागेतलं हे जोडपं आलं तेव्हा मला अगदी मनापासून वाटलं की यांचं जमावं.

दोघांचाही रक्तगट बी. केसपेपरवर रेसिडेंटच्या (शिकाऊ डॉक्टरच्या) अक्षरात लिहिलेलं: गर्भधारणा शून्य, रक्त चढवलेलं नाही, आधी ट्रान्सप्लांट नाही, मुलगी एक, दत्तक. इतका स्वच्छ केसपेपर आमच्याकडे क्वचित येतो.

क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी आणि पेशंटचं रक्त यांचं जमतं का ही चाचणी, मी स्वतः लावते. तंत्रज्ञांवर विश्वास नाही असं नव्हे, पण हा हाताचा खेळ आहे. दात्याच्या रक्तातून लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढायच्या, टेरासाकी ट्रेच्या इवल्या खळग्यात तेलाच्या थेंबाखाली एक मायक्रोलिटर पेशंटचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) आणि एक मायक्रोलिटर पेशी सोडायच्या. तेल नसेल तर एवढासा थेंब बघता बघता सुकतो. अर्ध्या तासाने सशाचं कॉम्प्लिमेंट (रक्तातली पेशी फोडणारी प्रथिनं) घालायचं आणि तासभर थांबायचं. सीरममध्ये दात्याविरुद्ध अँटिबॉडी असली तर कॉम्प्लिमेंट पेशीला भोकं पाडतं, मग घातलेला रंग आत शिरतो, आणि मायक्रोस्कोपखाली चमकणारी पेशी काळपट दिसते. पुस्तकात लिहिलेलं असतं ‘रूम टेंपरेचर’. म्हणजे 22 अंश. मे महिन्यातल्या इंदूरमध्ये तसली रूम कोणाकडे असते ते मला दाखवा.

आणि ते कॉम्प्लिमेंट! ते कोरड्या बर्फात येतं. उन्हाच्या वेळी कुरिअरवाल्याने खोकं गेटवर ठेवलं आणि गार्डने संध्याकाळी फोन केला, की खेळ खलास. प्रत्येक लॉट वेगवेगळ्या पातळीला विरळ करून आधी तपासावा लागतो, कारण एखादा लॉट स्वतःच पेशी मारतो आणि एखादा काहीच करत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट. तो सगळ्यांनाच निगेटिव्ह ठरवतो. खरेदी विभागाला हे किती वेळा समजावलं तरी त्यांचा प्रश्न एकच: “मॅडम, इसमें सस्ता वाला नहीं आता?”

टेरासाकींनी ही पद्धत 1964 मध्ये मांडली. 1969 मध्ये पटेल आणि टेरासाकींनी आकडे दिले: क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या 30 किडन्यांपैकी 24 लगेच बंद पडल्या होत्या. हल्ली यंत्रं आली, तरी त्या आकड्यांचा धाक माझ्या मनातून गेलेला नाही.

तर यांचा ट्रे पॉझिटिव्ह आला. एखाद-दुसरी मेलेली पेशी असती तर गोष्ट वेगळी, इथे जवळपास सगळ्याच काळ्या होत्या. तिचं सीरम तिच्याच पेशींवर लावलं, ते निगेटिव्ह. म्हणजे स्वतःविरुद्धची अँटिबॉडी नव्हे. मग डीटीटी हे रसायन घालून पाहिलं. ते आयजीएम या प्रकारच्या अँटिबॉडीची जोडणी तोडतं, आणि आयजीएम बहुधा निरुपद्रवी असतं. तरी पॉझिटिव्हच. म्हणजे आयजीजी, मुरलेली. पण ज्या बाईला कधी दिवस गेले नाहीत, रक्त चढलं नाही, तिच्या अंगात दुसऱ्या माणसाच्या एचएलएविरुद्ध (पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्ध) अशी अँटिबॉडी येईल कुठून?

ल्युमिनेक्सच्या मण्यांवर तपासलं. एकेका मण्यावर एकेकच अँटिजन, म्हणजे एचएलएची एकच खूण, असतो, त्यामुळे नेमकं कोणाशी वैर आहे ते कळतं. वैर होतं ए24, बी40 आणि डीआर15 यांच्याशी. नवऱ्याचे बाकीचे अँटिजन म्हणजे ए33, बी44, डीआर7. त्यांच्याविरुद्ध काही नाही.

इथे मी खुर्चीत मागे टेकले. सुरुवातीला सासूबाईही दात्या म्हणून आल्या होत्या. मधुमेहामुळे बाद झाल्या, पण त्यांचं टायपिंग, म्हणजे त्यांच्या एचएलएची नोंद, आमच्याकडे होतं. ए24, बी40, डीआर15 हा अख्खा संच नवऱ्याला त्यांच्याकडून आलेला. म्हणजे सुनेच्या रक्ताला नवऱ्याचा बरोबर अर्धा भाग ओळखीचा होता, आणि तोही एका पट्टीत आलेला. परक्याचं रक्त चढल्यावर असा नेमका अर्धा सहसा मिळत नाही. बापाकडून अर्धा संच घेऊन आईच्या पोटात वाढतं ते मूल. हा पुरावा नव्हे, संशय. पण नुसता उत्सुकतेचाही प्रश्न नव्हता. गर्भारपणातून आलेली अँटिबॉडी औषधांनी खाली आणली तरी स्मृतीपेशी मागे असतात आणि किडनी बसवल्यावर ती उसळून वर येऊ शकते. नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) हे माहीत असायला हवं होतं.

मी डायलिसिसच्या खोलीत तिच्याकडे गेले. घरचे बाहेर बाकावर होते.

“ताई, कधी दिवस गेले होते का?”

“दोनदा,” त्या लगेच म्हणाल्या. “पहिला सातव्यात गेला. मुलगा होता. दुसरं तिसऱ्यातच.”

“फॉर्म भरताना सांगितलं नाहीत?”

“त्यांनी मुलं किती ते विचारलं. मी एक म्हटलं.” मग जरा थांबून, “तेव्हा लाल बाटलीपण लावली होती. ते विचारलं तेव्हा सासूबाईच नाही म्हणाल्या. त्या तेव्हा गावी होत्या, त्यांना कुठलं माहीत असणार?”

यात कोणी काही लपवलेलं नव्हतं. पाच नातेवाईक, एक टेबल, मागे रांग, आणि बावीस-पंचविशीचा मुलगा घाईघाईत हिंदीत विचारतोय, “बच्चे कितने?” गेलेली बाळं त्या प्रश्नात येतच नाहीत. मी त्या मुलाला गाठलं तर तो म्हणाला, “मॅम, फॉर्म में तो वही लिखा है.” फॉर्ममध्ये तसं नाही. पण फॉर्म वाचतो कोण?

निरोप नेफ्रॉलॉजिस्टनी दिला, मी सोबत होते. अँटिबॉडी फार चढी होती. प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग बदलणं) वगैरे करून एवढी खाली आणण्याचा धोका घ्यायला ते तयार नव्हते. सासूबाईंनी “देवाची इच्छा” म्हणून हात जोडले. तोंडावरची सुटका काही लपली नाही. त्यांचा मला राग आला आणि लगेच वाटलं, पोटच्या पोराचं ऑपरेशन टळलं तर आणखी काय दिसणार?

नवरा माझ्यामागे लॅबपर्यंत आला. म्हणाला, “मॅडम, मी द्यायला तयार होतो, एवढं रिपोर्टमध्ये लिहाल का? नाहीतर हिच्या माहेरचे म्हणतील, ऐनवेळी मागे सरला.” रिपोर्टमध्ये असा रकाना नसतो. “दात्याशी विसंगत” एवढंच जातं, आणि त्या दोन शब्दांचा अर्थ घरोघरी आपापला लावला जातो. मी त्याला वेगळ्या कागदावर समजेल असं लिहून दिलं, खाली सही केली. नियमात बसतं की नाही, विचारलेलं नाही.

आता त्यांचं नाव अदलाबदलीच्या यादीत आहे. 2011 च्या दुरुस्तीने कायद्यात त्याची सोय झाली: याची किडनी दुसऱ्या जोडप्यातल्या पेशंटला, त्यांची हिला. सासूबाई म्हणतात, परक्याला कशाला? नवरा अजून तयार आहे.

परवा तिचं ताजं सीरम आलं. ट्यूबसोबतच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात होतं: दोन पिशव्या रक्त चढवलं. मला कोणी कळवलं नव्हतं. आता दोन-तीन आठवड्यांनी अँटिबॉडी तपासणारं पॅनेल पुन्हा लावायचं, नव्या रक्ताने आणखी किती वैरी जोडलेत ते बघायला. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावला होता का, हे विचारायला मी डायलिसिस सेंटरला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, हिमोग्लोबिन पाच था.”

पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही. फिल्टरचं उत्तर अजून आलेलं नाही.